ठोक्यानं दिलेलं वऱ्हाड

वऱ्हाडात वावर दुसऱ्याच्या हाती जातं ते तीन तऱ्हांनी. बटईनं दिलं तर पीक निघाल्यावर खळ्यातच वाटे पडतात. गहाण पडलं तर कर्ज फिटेपर्यंत ते सावकाराच्या ताब्यात. आणि ठोक्यानं दिलं तर वर्षाची ठरलेली रक्कम मोजून घ्यायची. मग घेणारा वावरात पऱ्हाटी लावो की ज्वारी, मालकानं धुऱ्यावर उभं राहून बोलायचं नाही. आमचे आबाजी मराठी चौथी शिकलेले कास्तकार. वऱ्हाडच्या दोनशे वर्षांच्या राज्यकारभाराची गोष्ट ते या तीन शब्दांत सांगत. पुढं कॉलेजात मी तह आणि करारांची जाडजूड पुस्तकं वाचली, तेव्हा त्यांचं सांगणं मला कुठंही बदलावं लागलं नाही.

मूर्तिजापूरहून दोन कोस आत आमचं गाव. बाजार अकोल्याचा, पण लग्नाचा बस्ता अमरावतीचा, अशी आमच्या घराची जुनी वाटणी. उन्हाळ्यात अंगणात बाजा पडत. दिवसभर कुरडया घातलेल्या असायच्या, त्यांचा गरम चीक तेल घालून खाल्ला की आम्ही पोरं सुस्तावून पडत असू. आबाजी अडकित्त्यानं सुपारी कातरत कातरत विचारत, "पोट्टेहो, आपलं वऱ्हाड पह्यले कोनाचं होतं, सांगा बरं." कुणी म्हणे इंग्रजांचं, कुणी म्हणे निजामाचं. आबाजी म्हणत, "दोघायचं." मग सुपारीचं खांड तोंडात टाकून मुद्दाम गप्प बसत. आम्ही अधीर झालो की सुरुवात होई.

पहिली गोष्ट बटईची. 1724 साली बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याला निजाम-उल्-मुल्कानं मोगल सुभेदार मुबारिजखानाला हरवलं आणि दख्खन त्याच्या हाती आली. पण वऱ्हाडात भोसले चौथाई-सरदेशमुखीचा हक्क सांगत पाय रोवून होते. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. मुलूख म्हणायला निजामाचा, वसुलीला मात्र दोघंही. एका गावावर दोन अंमल, म्हणून या कारभाराला नाव पडलं दोअमली. शिपाई दोन, शिक्के दोन, आणि रास एकच.

आमच्या घरात त्या काळची एक गोष्ट चालत आलेली आहे. आबाजींच्या कितव्या तरी पणजीच्या दारात एकाच दिवशी दोन्हीकडचे शिपाई आले. मोगलाईचा ओसरीत बसला, भोसल्यांचा गोठ्यापाशी. (निजामाच्या मुलखाला आमच्याकडं मोगलाईच म्हणत, अगदी आजीसुद्धा शेवटपर्यंत तेच म्हणायची.) त्या माउलीनं एकाच परातीतल्या पिठाच्या भाकरी थापल्या, अंबाडीची भाजी केली आणि दोघांना पोटभर वाढलं. पेवातली ज्वारी मात्र तिनं दोघांनाही दाखवली नाही, कारण पेवाच्या तोंडावरच तिनं चूल मांडली होती. इथं आजी घरातून ओरडायची, "चूल नव्हती, जातं होतं जातं!" आबाजी म्हणायचे चूल. या एका मुद्द्यावरचा त्यांचा वाद मी लहानपणी दहा वेळा तरी ऐकला असेल. मला मनातून आजीचं पटायचं, कारण पेटलेल्या चुलीखाली ज्वारी कोण ठेवील? पण आता सांगताना माझ्याही तोंडून चूलच निघते.

ही बटई मोडली 1803 साली. 29 नोव्हेंबरला तेल्हाऱ्याकडच्या अडगावला इंग्रजांच्या वेलस्लीनं भोसल्यांच्या फौजेचा मोड केला, 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांनी सोडला. इंग्रजांनी तो आपल्या दोस्ताला, निजामाला दिला. गाविलगड आणि नरनाळा तेवढे आणखी काही वर्षं भोसल्यांकडं राहिले. वाटा घेणारा एक कमी झाला, म्हणून कुणब्याच्या खळ्यातली रास वाढली असं मात्र झालं नाही. हैद्राबादची तिजोरी रिकामी होती आणि वऱ्हाडचा वसूल सावकारांना लावून दिला जाई. त्यांतलं पेस्तनजी शेट हे पारशी नाव आबाजींना पाठ होतं. 1825-26 च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस मोठ्या प्रमाणावर मुंबईला धाडला तो याच पेढीनं. बैलांच्या पाठीवर गोण्या लादून घाटाखाली चाललेला तो तांडा आबाजी असा रंगवून सांगत की वाटे, ते स्वतः त्यात चालले होते. ते काय, त्यांचा बापही तेव्हा जन्मला नव्हता. आजोबाकडून ऐकलेलं नातू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगतो, ही खोड मलाही लागली आहे.

दुसरी गोष्ट गहाणाची. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक फौज होती, कंटिन्जंट. तिचा पगार निजामानं द्यायचा. तो थकत गेला, कर्ज वाढत गेलं आणि मे 1853 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीच्या काळात निजामाला तह करावा लागला. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब एवढा मुलूख इंग्रजांच्या कारभारात गेला. या मुलखाच्या उत्पन्नातून फौजेचा खर्च भागवायचा, उरेल ते निजामाला द्यायचं. 1860 साली दुसरा तह झाला. धाराशिव आणि रायचूर परत गेले, 50 लाखांचं कर्ज माफ झालं, वऱ्हाड मात्र तारण म्हणून इंग्रजांकडंच राहिलं.

"म्हंजे कर्ज माफ अन् वावर तारणातच?" आम्ही विचारत असू. "हाव," आबाजी म्हणत, "सावकाराले वावर आवडलं की असंच होते."

आणि आवडण्यासारखं होतंच. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि विलायतेच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या काळ्या मातीची आठवण झाली. लिव्हरपूलच्या बाजारात इथल्या कापसाला 'उमरा' म्हणत, उमरावती म्हणजे आपली अमरावती, तिच्या नावावरून. 1867 मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. साखळी घेतलेले मोजणीदार गावोगाव फिरले, धुऱ्यावर दगड रोवले गेले, कास्तकाराच्या नावावर खातं चढलं. आबाजींच्या आजोबांनी त्या मोजणीदारांना आठ दिवस रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊ घातली होती म्हणे. हे केवळ आतिथ्य होतं की त्यामागं धुऱ्याचाही काही विचार होता, हे घरात कुणी बोललं नाही.

कारभार तसा इंग्रजी वळणाचा होता, पण कागदावर हा मुलूख परका. नावच 'हैद्राबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. अमरावती, अकोला, एलिचपूर, बुलढाणा, वाशीम आणि वणी असे सहा जिल्हे, आणि त्यांच्या कमिशनरचा वरिष्ठ बसे हैद्राबादला, रेसिडेंट म्हणून. ब्रिटिश हिंदुस्थानात झालेला कायदा इथं आपोआप लागत नसे. वेगळा हुकूम काढून लावावा लागे. इथला माणूस शेतसारा इंग्रजाला भरी, दाद इंग्रजाच्या कोर्टात मागे, आणि कायद्याच्या नजरेत प्रजा मात्र निजामाची. जगात असे मुलूख आणखीही होते. सुदानवर 1899 पासून इंग्रज आणि इजिप्त असे दोन झेंडे शेजारी शेजारी लागत. पण तिकडं दोन्ही नावं करारात तरी एका रांगेत होती. इथं एकाचं नुसतं नाव आणि दुसऱ्याचा सगळा कारभार.

1897 च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेस भरली. अध्यक्ष शंकरन् नायर, स्वागताला दादासाहेब खापर्डे. आमचे पणजोबा बंडी जुंपून ती पाहायला गेले. त्यांना भाषणं कळली नाहीत, बरीचशी इंग्रजीतच होती. पण हजारो माणसं एका मांडवात शांत बसतात आणि शिपाई कुणाला हाकलत नाही, एवढं पाहून ते परत आले आणि महिनाभर चावडीवर तेच सांगत राहिले. राष्ट्रसभा भरली ती जागासुद्धा तेव्हा कायद्यानं निजामाची होती, हे त्या मांडवातल्या वकील मंडळींना ठाऊक असणारच. पणजोबांना नव्हतं.

दोन वर्षांनी संवत छप्पन्नचा दुष्काळ पडला. त्याबद्दल घरात फारसं बोलणं होत नसे. आजी एवढंच म्हणायची की तिच्या सासूनं तेव्हापासून ताटात भाकरीचा चतकोरही टाकू दिला नाही. पीठ चाळलेला कोंडासुद्धा ती डब्यात भरून ठेवी. त्याच साली आमचं नाल्याकाठचं सात एकर वावर सावकाराकडं गहाण पडलं. वऱ्हाड गहाण होतंच, आता आमचं वावरही.

तिसरी गोष्ट आबाजींच्या स्वतःच्या आठवणीतली, तेव्हा ते दहा-बारा वर्षांचे होते. 1902 साली व्हाइसरॉय कर्झन हैद्राबादला गेला, निजाम मीर महबूब अली खानांना भेटला आणि त्या वर्षीच्या 5 नोव्हेंबरला करार झाला. निजामाचं वऱ्हाडवरचं सार्वभौमत्व मान्य. इंग्रज त्याला दरसाल 25 लाख रुपये देणार. आणि वऱ्हाड इंग्रजांकडं कायमच्या पट्ट्यानं. त्याआधी उरलेली शिल्लक निजामाला मिळायची. पण कारभारावर खर्चच एवढा दाखवला जाई की शिल्लक उरतच नाही, अशी हैद्राबादची जुनी तक्रार होती. ती तक्रार या ठरलेल्या रकमेनं मिटवली. कारभार सुधारला, असं इंग्रज म्हणाले.

ही बातमी चावडीवर वाचून दाखवली गेली तेव्हा पणजोबा उठून उभे राहिले, असं आबाजी सांगत. "कायमचा ठोका? ठोका सालाचा असते. लई झालं तं तीन सालाचा. कायमचा ठोका कुठं असते का?" गहाण वावर असलेल्या माणसाचा तो संताप होता. गहाण सुटतं, ही त्यांची आशा होती. कायमचा ठोका या शब्दांत सुटण्याची वाटच नव्हती.

1 ऑक्टोबर 1903 ला वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं आणि वरिष्ठ हैद्राबादहून नागपूरला आला. 1905 मध्ये सहा जिल्ह्यांचे चार केले. एलिचपूर अमरावतीत गेला, वाशीम मुख्यतः अकोल्यात. वाशीमला पुन्हा जिल्हा म्हणवून घ्यायला 1998 साल उजाडावं लागलं. वऱ्हाडच्या कापसाचा पैसा मध्य प्रांतावर खर्च होतो, ही ओरड तेव्हापासून सुरू झाली, आणि ती खोटी नव्हती असं माझं मत आहे.

राज्यांच्या या गोष्टींत खरी जिवंत माणूस म्हणजे आमची आत्याआजी, आबाजींची धाकटी बहीण. तिला हिंगोलीकडं दिली होती, म्हणजे पैनगंगेपलीकडं, खऱ्या मोगलाईत. अखजीला तिला आणायला बंडी जाई. अकोला, वाशीम करत नदीपाशी पोचलं की करोडगिरीचा नाका. निजामाचे जकातदार बंडीतलं एकेक गाठोडं सोडून पाहत. कन्हेरगाव नाका हे नाव एस.टी.च्या पाटीवर अजून आहे. तिथून जाताना मला दर वेळी आत्याआजीच्या सरगुंड्यांचा डबा आठवतो. तो डबा उघडायला लावणाऱ्या शिपायाला ती म्हणे, "खाय ना बापू, लेकराले बी ने." तिचं सामान मग कुणी फार तपासत नसे. इकडं येताना ती हाली रुपये आणी, हैद्राबादचे. आमच्याकडं चालत कलदार. शंभर कलदारांना सोळा-सतरा हाली वर मोजावे लागत. आजी आणि आत्याआजी ओसरीत बसून या हिशेबावरून भांडत आणि भांडण मिटलं की एका जात्यावर दळायला बसत. कागदावर दोघी एकाच निजामाची प्रजा. मधे नदी, नाका आणि दोन नाणी.

आमचं गहाण वावर 1918 ला सुटलं. पहिल्या महायुद्धाच्या शेवटी कापूस चढला, आबाजींनी सलग दोन सालं पऱ्हाटी घेतली आणि कर्ज फेडलं. गहाणखत त्यांनी फाडलं नाही. देव्हाऱ्याखालच्या फळीत ठेवलं, ते अजून तिथंच आहे. पणजोबा तेव्हा नव्हते.

वऱ्हाड सुटावं म्हणून निजामानंही खटपट केली. 1923 मध्ये मीर उस्मान अली खानांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून वऱ्हाड परत मागितलं आणि परत मिळालं तर तिथल्या लोकांना स्वतःचं जबाबदार सरकार देऊ असं वचन दिलं. मार्च 1926 मध्ये लॉर्ड रीडिंगनं ते साफ नाकारलं. इकडं वऱ्हाडातही लोकांना परत जायचं नव्हतं, विरोधाच्या सभा होत होत्या. आबाजी अशा एका सभेला गेले होते. वक्ता कोण होता ते त्यांना आठवत नसे, फक्त फुटाणे महाग होते एवढं आठवे. निजामाचा त्यांना राग नव्हता. पण सख्खी बहीण नदीपलीकडं राहत होती. तिच्या गावात शाळा नव्हती आणि कोर्टाचा कागद उर्दूत येई, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पत्रातल्या वचनापेक्षा ते पाहिलेलं त्यांना मोठं वाटलं, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही.

सुधारणा होत होत्या, त्याही दुहेरी. 1919 च्या कायद्यानंतर नागपूरच्या कौन्सिलात वऱ्हाडचे लोक निवडून जाऊ लागले. पण मुलूख ब्रिटिश हिंदुस्थानचा नव्हे, म्हणून निवडून आलेल्या माणसाला सरकारनं पुन्हा नेमायचं आणि मगच तो सभासद. लोकांनी दिलेलं मत पुरेसं नव्हतं.

मग 1935 चा कायदा आला, त्यासाठी ऑक्टोबर 1936 मध्ये निजामाशी नवा करार झाला. प्रांताचं नाव मध्य प्रांत व वऱ्हाड. वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व पुन्हा मान्य. त्याच्या किताबात 'हैद्राबाद व बेरार'. युवराज आझम जाह यांना 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी. गव्हर्नर नेमताना निजामाशी सल्लामसलत. 25 लाख चालूच. आणि इथं इंग्रजांच्या झेंड्याबरोबर निजामाचाही झेंडा. आझम जाह यांची बेगम दुर्रूशेहवार शेवटच्या तुर्की खलिफाची मुलगी. इस्तंबूलच्या राजवाड्यातली लेक आपली बेरारची युवराज्ञी झाली, आणि आमच्या गावात कुणाला पत्ता नव्हता.

झेंडा मात्र आजीनं पाहिला होता. कुठं, अमरावतीला की अकोल्याला, ते ती दर वेळी वेगळं सांगे. पिवळा झेंडा, त्यावर मधोमध पांढरा गोल. "भाकर होती त्याच्यावर," ती म्हणायची. आम्ही हसायचो. फार वर्षांनी मी वाचलं की आजी बरोबर होती. पहिल्या निजामाला एका अवलियानं कुलचे खाऊ घातले, त्यानं सात खाल्ले, म्हणून सात पिढ्या राज्य करशील असा त्याला आशीर्वाद मिळाला. त्या कुलच्याची खूण झेंड्यावर आली, अशी आख्यायिका आहे. निजाम सातच झाले. झेंड्यावरची भाकर ओळखायला आजीला कुणी शिकवावं लागलं नाही.

1937 च्या निवडणुकीत सारा भरणारे खातेदार म्हणून आबाजींचं नाव यादीत होतं. आजीचं नव्हतं.

मला या सगळ्यात एकच गोष्ट सलते. 1853, 1860, 1902, 1936. मुलूख गहाण टाकला, तारण ठेवला, ठोक्यानं दिला, त्यावर दोन झेंडे लावले. प्रत्येक वेळी कारभार नीट करण्यासाठीच हे चाललंय असं सांगितलं गेलं, आणि काही कारभार नीट झालाही; रेल्वे आली, मोजणी झाली, ते मी नाकारत नाही. पण यांतल्या एकाही कागदावर वऱ्हाडच्या माणसाची सही नाही. वावर ज्यानं वाहिलं त्याला कुणी विचारलं नाही, तुला कोणाकडं राहायचंय.

8 ऑगस्ट 1947 ला अकोल्यात विदर्भाचे आणि पश्चिम महाराष्ट्राचे पुढारी बसले आणि पुढच्या मराठी राज्याबद्दल करार केला, तो अकोला करार. त्यात निदान बोलणारे आपले होते. आठवड्यानं इंग्रज गेले. नदीपलीकडं मात्र रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाला. पैनगंगेच्या अलीकडं छावण्या पडल्या, आणि 1948 च्या उन्हाळ्यात आत्याआजी दोन लेकरं आणि एक गाठोडं घेऊन माहेरी आली. या खेपेला सरगुंडे नव्हते. कमरेच्या पिशवीत अकरा हाली रुपये होते. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, निजामाचं राज्य संपलं, तरी ती दिवाळी करूनच परत गेली. जाताना त्यांतला एक रुपया आजीच्या हातावर ठेवून गेली.

1952 च्या निवडणुकीत आजी पहिल्यांदा मत द्यायला गेली. बंडीत तट्ट्या टाकून, नवं लुगडं नेसून, शेजारच्या चार बाया बरोबर घेऊन. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह. बैलजोडीची पेटी कुठं होती आणि बाकीच्या कुठं, ते ती म्हातारपणीही हातानं दाखवून सांगायची. संध्याकाळी घरी आल्यावर आबाजींनी विचारलं, "कोनाले देल्लं?" आजीनं चुलीत पऱ्हाट्या सारल्या आणि भाकरीचं पीठ परातीत घेतलं. पुढंही त्यांनी पुष्कळदा विचारलं. आजीनं त्यांना सांगितलं नाही, आम्हालाही नाही.